बिनमार्फतचा पत्ता

अक्का, तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. तुझ्या नावाच्या ईमेल पत्त्यावर पत्रं अजून येतायत. कालपर्यंत ती माझ्याकडं येत होती. त्यावरूनच तर आपलं भांडण झालं होतं.

तुला माती दिली त्या दुपारी मी काय केलं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगायला जीभ रेटायची नाही. स्वामींनी विभूती लावली, तुला बसवलं, आपल्या लिंगायतांच्या रीतीनं सगळं नीट झालं. आणि मी, पन्नाशीला टेकलेला बाप्या, आलेल्या प्रत्येकाचा हात धरून एकच गाऱ्हाणं सांगत होतो. "एकटीच दवाखान्यात गेली हो. सख्खा भाऊ नांदेडात बसलेला, पण मला एका शब्दानं कळवलं न्हाई." तुझ्या टेबलावर फाईल सापडली होती. त्यात दिवाळीआधीच्या सोमवारची तारीख होती आणि 'सोबत आलेली व्यक्ती' या रकान्यात तुझ्या हातची आडवी रेघ. ती रेघ मी सगळ्यांना दाखवली. बाई फार मानी होती, असं लोक म्हणाले. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही सांगतो.

तुझ्या त्या पत्त्याची हौस तुझ्या निवृत्तीच्या वर्षातली. सबंध आयुष्य लातूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवलंस आणि निरोपाचा नारळ घेऊन घरी आल्या आल्या मला फोन केलास. "शिवा, मला माझ्या नावाचं ईमेल पायजे. फुकटातलं हाय की एक, तसलं न्हाई. नुसतं माझं नाव, आन मधी कुणीच न्हाई." मला आधी कळेना. मग तू बोटांवर मोजून दाखवावं तसं सांगितलंस. नांदेडला वसतिगृहात होतीस तेव्हा तुझ्या पत्रावर 'मार्फत अधीक्षक'. नोकरी लागली तेव्हा 'मार्फत मुख्याध्यापक'. उदगीरच्या घरी येणाऱ्या पत्रांवर 'मार्फत' आणि वडिलांचं, म्हणजे अण्णांचं नाव. अण्णा गेले, तर पोस्टमनला सोपं जावं म्हणून मार्फत मी, तुझ्याहून बारा वर्षांनी लहान. "बरं झालं लगीन केलं न्हाई," तू म्हणालीस, "न्हाईतर अजून एक मार्फत वाढलं असतं."

मी नांदेडच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळतो. म्हणजे बंद पडलेलं सुरू करतो आणि सुरू असलेल्याला हात लावू नका म्हणून ओरडतो. तुझं काम माझ्या डाव्या हातचा मळ होता. तुझ्या नावाचं डोमेन घेतलं. डोमेन म्हणजे इंटरनेटवर आपल्या नावाची पाटी, एवढं तुला समजावलं. पाटीवर आलेलं पत्र आपोआप तुझ्या रोजच्या फुकटातल्या खात्यात जाऊन पडेल, त्याला फॉरवर्डिंग म्हणतात, तेही सांगितलं. तू वहीत लिहून घेतलंस आणि खाली रेघ मारलीस.

एका रविवारी लातूरला येऊन मी ते लावून दिलं. तू धपाटी करून ठेवली होतीस. चाचणी म्हणून तू तुझ्याच खात्यातून तुझ्याच नव्या पत्त्यावर पत्र लिहिलंस. वर 'श्री', खाली 'स. न. वि. वि.', पत्रास कारण की आज रोजी पत्ता सुरू होत आहे. स्वतःलाच. पाठवलंस आणि आपण वाट बघत बसलो.

आलं नाही. पुन्हा पाठवलं. आलं नाही. मी सेटिंग काढलं, घातलं, सगळ्या नोंदी तपासल्या, बंद करून सुरू केलं. तू मागं उभी राहून बघत होतीस आणि मला घाम फुटायला लागला. घरात संगणकाचा जाणकार म्हणून माझी जी काय इज्जत होती ती त्या रविवारी पणाला लागली होती. शेवटी फॉरवर्डिंग तुझ्याऐवजी माझ्या खात्यावर लावून बघितलं. तू पाठवलेलं पत्र क्षणात माझ्याकडं. मी टाळी वाजवली. "बघ! पाटी बरोबर हाय. तुझ्या खात्यातच कायतरी गडबड हाय." मग मी माझ्या खात्यात एक नियम घातला. अक्काच्या पत्त्यावरचं जे येईल ते वेगळ्या कप्प्यात ठेवायचं आणि तिथून तिच्या खात्यात पुढं ढकलायचं. कॉलेजच्या खात्यातून एक पत्र पाठवून बघितलं. तुझ्याकडं आलं.

"मग आधी कामून येत नव्हतं?" तू विचारलंस.

गणिताच्या बाईला शोभेल असाच प्रश्न होता तो. उत्तर आलं, पण रीत कुठाय? मी म्हणालो, "नेटचं काय सांगावं अक्का. कदी कदी करतंय असं." आणि धपाट्याचा तुकडा मोडला. पत्र माझ्या घरावरून फिरून तुझ्याकडं येतंय, हे मी तुला सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असं मी पुढं दोन वर्षं स्वतःला बजावत आलो. खरं तर लाज वाटली म्हणून सांगितलं नाही.

तुझ्या पोरींची पत्रं यायला लागली. तू त्यांना 'माझ्या पोरी' म्हणायचीस, त्यातल्या कितीतरी आज्या झालेल्या. आधी मला नुसते विषय दिसायचे. मग एखादं उघडायचो. दारात पोस्टकार्ड पडलं तर कोण वाचत नाही? तसंच हे, अशी मी माझी समजूत घातली. एकीनं लिहिलं होतं की बाई, तुम्ही माझं चुकलेलं उत्तर वर्गात वाचून दाखवलं नाही, आधी माझी रीत बघितली आणि म्हणालात, हिचं डोकं बरोबर चाललंय, हात घसरला. मला ही अक्का माहीत नव्हती. मला माहीत होती ती अव्वा गेल्यावर माझी आई होऊन वेणीफणी सोडून सगळं करणारी, ताटात भाजी उरली की पाठीत धपका घालणारी. आणि नांदेडला संगणक शिकायला मला पाठवायला अण्णा तयार होईनात, तर दोन दिवस चूल न पेटवणारी. मी आज जो काही आहे तो तुझ्या त्या बंद चुलीमुळं आहे. हे तुला कधी म्हणालो नाही. आपल्या घरात असलं बोलायची पद्धतच नाही.

मग पोळ्याच्या आसपास तो तपासणीचा अहवाल आला. पाठवणारं तपासणी केंद्र, पत्ता तुझा, उघडणारा मी. हृदयाची झडप नीट मिटत नाही, लवकर तज्ज्ञाला दाखवा. तू कुणाला काही बोलली नव्हतीस. तुला फोन करायचा धीर होईना, म्हणून उदगीरच्या काकूला केला. काकूला सांगणं आणि गावात दवंडी देणं एकच, हे मला काय नवीन होतं? पण घाबरलेल्या माणसाला अक्कल राहत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन.

"शिवा, माझ्या झडपेची खबर उदगीरला कशी गेली?"

"अक्का, मीच सांगितलं. फिकीर वाटली म्हणून."

"आन तुला कोण सांगितलं?"

"मेल आला होता ना."

"कुणाला आला होता?"

मग तू हळू आवाजात म्हणालीस, ओरडली असतीस तर बरं झालं असतं, "म्हंजे दोन वर्षं माझी सगळी पत्रं तुझ्या घरावरून येऊन राहिलीत?"

"टेक्निकल अडचण होती गं. दुसरा इलाज नव्हता."

"अडचण तुझी होती, शिवा. पत्रं माझी होती."

यावर मी नको ते बोललो. तू दवाखान्यात गेली असतीस तर मला कशाला सांगावं लागलं असतं, म्हणालो. इतकी हुशार आहेस तर तुझं तू बघ, म्हणालो. त्याच संध्याकाळी माझ्या खात्यातून पुढं ढकलायचा नियम बंद केला, डोमेनचा पासवर्ड तुझ्या फोनवर पाठवला आणि लिहिलं, 'पत्ता माझ्यावर आहे, तिथं तुझा टाक.' आणि अण्णाची आण घेतली की तुझ्या कप्प्याला आता जन्मात हात लावणार नाही. मला वाटलं, केवढा मोठा त्याग केला मी.

तुझं म्हणणं बरोबर होतं, माझी भीतीही खोटी नव्हती. हे भांडण अजून मिटलेलं नाही, अक्का. तू असतीस तर अजूनही मी म्हणालो असतो की आधी दवाखाना, मग मान.

दसऱ्याला मी तुला लिहिलं. तासभर लिहीत होतो. चार वेळा लांबलचक लिहिलं, प्रत्येकात निम्मं माझंच समर्थन, चारही पुसली. शेवटी राहिलं ते एवढंच: 'अक्का, चुकलं. सोनं घे.' फोनही करता आला असता. तुझं जुनं खातं मला पाठ होतं, तिथंही पाठवता आलं असतं. पण मी मुद्दाम तुझ्या नावाच्या पत्त्यावर पाठवलं, की अक्काला कळावं मी तिचा पत्ता मानतो. तू हट्टी, पासवर्ड हातात पडल्यावर एका दिवसात सगळं तुझ्याकडं वळवून घेतलं असशील, याची मला खात्री होती. पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचलं.

उत्तर आलं नाही. आठ दिवस, पंधरा दिवस. सुनंदा बायकोच्या हक्कानं म्हणाली, "अवो, फोन लावा की. अक्काच हायत त्या, कलेक्टर न्हाईत." मी म्हणालो, मी माफी मागितली, आता तिची पाळी. भाऊबीजेला तुझ्याकडं आलो नाही. जन्मात पहिल्यांदा. त्यानंतर चारच दिवसांनी तुझ्या शेजारणीचा फोन आला.

परवा एका बाईचा फोन आला. "शिवाकाका का? मी तबस्सुम, बाईंच्या हाताखाली शिकलेली. शाळेतून तुमचा नंबर घेतला. बाईंना चार मेल केले, परत बी येईनात आन उत्तर बी न्हाई. बऱ्या हायत ना बाई?" तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितल्यावर ती पलीकडं रडत राहिली आणि मी इकडं फोन धरून उभा. ती हैदराबादला संगणकाच्याच कामात आहे. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, अशा लई जणी लिहून राहिल्या असतील. बघायला पायजे पत्रं कुठं जाऊन पडतायत ते."

काल दुपारी ती फोनवर आणि मी डोमेनच्या पानावर. पहिल्या दिवसापासूनची हकीकत तिनं मला विचारली. रविवारची चाचणी मी जरा तोऱ्यातच सांगितली.

"काका, ते टेस्टचं पत्र पाठवलं कुठून होतं?"

"अक्काच्याच खात्यातून."

"आन जाणार कुठं होतं?"

"तिच्याच खात्यात."

"मग ते दिसणारच न्हाई काका. आपल्याच खात्यातून गेलेलं पत्र फिरून आपल्याकडंच आलं, तर ते खातं म्हणतंय, ही प्रत माझ्यापाशी हायच, दुसरी कशाला दाखवू. टेस्ट नेहमी दुसऱ्या कुणाच्या खात्यातून करायची असती."

"म्हंजे त्या दिवशी बिघडलेलं काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं, काका. पहिल्यापासून चालू होतं."

पहिल्यापासून चालू होतं, अक्का. तुझ्या आणि तुझ्या पोरींच्या मध्ये मी उभं राहायची कधीच गरज नव्हती. तू विचारलंस, आधी का येत नव्हतं, आणि मी त्या प्रश्नाला दहा मिनिटं दिली असती तर ना तो अहवाल माझ्या डोळ्यांपुढं आला असता, ना काकूच्या कानावर गेला असता. वर्गातल्या एखाद्या पोरीनं अशी चूक केली असती तर तू तिला समजावलं असतंस. मी तुला विचारूच दिलं नाही.

मग तबस्सुमनं नोंदींची यादी उघडायला लावली. कुठून आलं, कुठं गेलं, पोचलं की नाही, एवढंच त्यात असतं. मजकूर नसतो. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा ते पावणेबारा, तुझ्या खात्यातून तुझ्याच पत्त्यावर सहा पत्रं. सहाच्या सहा तुझ्या खात्यात पोचलेली. तू पत्ता बरोबर वळवला होतास. एका झटक्यात, कुणाच्या मदतीशिवाय, अगदी अचूक. आणि मग मी शिकवली होती तशीच चाचणी घेत बसलीस, सहा वेळा. पत्र दिसेना म्हणून तुला वाटलं असणार, आपल्याला जमत नाही. कारण त्यानंतरची सगळी पत्रं पुन्हा माझ्या खात्यात गेलेली. पत्ता तू परत माझ्यावर आणून ठेवला होतास.

का ठेवलास, याचा मी कालपासून विचार करतोय. हरवण्यापेक्षा भावाकडं असलेली बरी, असंच म्हणाली असशील. माझ्यावर एवढी रागावलेली असताना.

दसऱ्याची ओळही तिथं होती. माझ्या खात्यातून तुझ्या पत्त्यावर एक पत्र. कुठं गेलं? माझ्याच खात्यात. पोचलं. मला ते दिसलं नाही, कारण त्याची प्रत माझ्यापाशी होतीच. माझी माफी माझ्याच घरी येऊन पडली होती आणि मी तुझ्या उत्तराची वाट बघत तुझ्यावर चिडत होतो. तू ती वाचलीच नाहीस. चुकलं म्हणणारा भाऊ तुला मरेपर्यंत भेटला नाही.

त्या ओळीच्या खाली, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, अजून एक. तुझ्या खात्यातून तुझ्याच पत्त्यावर. पोचलं माझ्याकडं.

मी ते लगेच उघडलं नाही. आधी कामं उरकली. अण्णाची आण मोडून कप्पा उघडला, पण पत्रं वाचली नाहीत, नुसते पाठवणाऱ्यांचे पत्ते उतरवून तबस्सुमला दिले. पोरींना ती कळवणार आहे. डोमेनच्या पानावर माझं नाव काढलं, तुझं खातं टाकलं आणि सुनंदाच्या फोनवरून एक पत्र पाठवून बघितलं. पानावर लगेच 'पोचलं' अशी नोंद आली. आता मध्ये कुणी नाही. ते खातं उघडायला तू नाहीस आणि मी उघडणार नाही.

आज सकाळी तुझं पत्र उघडलं. वर 'श्री' होतं. खाली एवढंच:

'शिवाला सांगणे. सोमवारी दहाला दवाखान्यात बोलावले आहे. सोबत कुणी असावे म्हणतात. त्याला जमले तर यावे. मला एकटीला भ्या वाटायलंय.'

अण्णा आणि अव्वांचा अबोला असायचा तेव्हा दोघं एकाच खोलीत बसून तुला सांगायची, अव्वाला सांग भाकर वाढ, अण्णाला सांग पाणी तापलंय. अबोला मोडायचा नाही आणि काम अडायचं नाही. तूही तेच केलंस. तुझ्या नावाच्या पत्त्यावर, जिथं मी बसलोय हे तुला पक्कं माहीत होतं, तिथं माझ्यासाठी निरोप ठेवलास. सगळं पुस्तकी लिहिलंस आणि शेवटच्या ओळीत तुला राहवलं नाही. मी तुला कधी घाबरलेली बघितली नव्हती.

आणि तुझ्या मातीवर उभं राहून मी लोकांना सांगितलं की तिनं मला कळवलं नाही. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्याकडं जाऊन आता उलटं सांगायचंय. काकूपासून सुरुवात करीन.

पहाटेची नांदेडहून सुटणारी गाडी अहमदपूरला चहाला थांबूनसुद्धा दहाच्या आत लातूरला पोचते. कॉलेजला दिवाळीच्या सुट्या लागल्या होत्या. त्या सोमवारी मी घरीच होतो, अक्का.